डाव चालू असताना रूलबुक: चाचणीच्या नोंदी

५ जुलै २०२५

आमच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती चालते, २०१४ च्या नियमांची. हा फासे टाकत, बोलत खेळायचा भूमिकांचा खेळ: प्रत्येक खेळाडूचं एक कॅरेक्टर, आणि गोष्ट व शत्रू चालवणारा, नियमांचा निवाडा करणारा एक डीएम. विझार्ड, क्लेरिक, ड्रुइड, बार्बेरियन ही कॅरेक्टरच्या क्लासची, म्हणजे प्रकारांची, नावं. खेळता खेळता नियम पाहायचा झाला तर चार गोष्टी हाताशी असतात: प्लेअर्स हँडबुक, फोनवर उघडणारी एसआरडीची (कंपनीने फुकट मोकळ्या केलेल्या नियमांची) साइट, डीएमपुढची घडीची स्क्रीन आणि विझार्ड खेळणाऱ्याने स्वतः लिहून काढलेली स्पेलची, म्हणजे जादूच्या मंत्रांची, कार्डं. यांतलं कामाचं कुठलं, यावर प्रत्येकाचं मत ठाम आहे आणि कुणाचंच दुसऱ्याशी जुळत नाही. शेवटी डीएमनेच काम काढलं: काही सेशन नीट नोंदी ठेवू, मग ठरवू टेबलावर काय राहील आणि बॅगेत काय जाईल. माझ्याकडे क्लेरिक आहे, दोन टर्नांच्या मध्ये बराच वेळ मोकळा असतो, म्हणून वही माझ्याकडे आली.

काय टिपायचं ते आधी ठरवलं. प्रश्न जसा तोंडातून निघाला तसाच, नियमाच्या भाषेत न बसवता. कुणी विचारला. आधी कुठे पाहिलं, तिथून पुढे कुठे जावं लागलं. आणि शेवट कसा झाला: मिटला, मिटला पण कुरबुर राहिली, की डीएमने ‘सध्या असं धरू’ म्हणत पुढे ढकलला. घड्याळ लावायची सूचना आली होती, मी नको म्हटलं. घड्याळ दिसलं की शोधणारा घाई करतो आणि बाकीचे शहाण्यासारखे गप्प बसतात. एरवी कोण बसतं तसं? त्याऐवजी एकच खूण पुरे आहे: उत्तर येईपर्यंत बाकीच्यांनी आपापले फोन हातात घेतले का? फोन निघाले म्हणजे प्रसंगाची हवा गेली. मग उत्तर वीस सेकंदांनी येवो की दोन मिनिटांनी.

सेशन संपल्यावर प्रत्येक उत्तर निवांतपणे पुस्तकाशी ताडून पाहायचं, हेही ठरलं.

६ जुलै

काल सगळ्यात जास्त शिकवलं ते धुक्याने.

पुलावर दरोडेखोर होते. ड्रुइडने फॉग क्लाउड टाकला, वीस फूट त्रिज्येचा धुक्याचा गोळा. आत सापडले आमचा फायटर आणि त्यांचा म्होरक्या. फायटर खेळणाऱ्याचा प्रश्न: ‘मला तो दिसत नाही, त्याला मी दिसत नाही. मग मारायचं कसं?’

पुस्तकातला प्रवास असा झाला. स्पेल अकराव्या प्रकरणात. तो एवढंच सांगतो की हा भाग ‘हेव्हिली ऑब्स्क्युअर्ड’ आहे. त्याचा अर्थ आठव्या प्रकरणात: अशा भागात पाहू पाहणारा ब्लाइंडेड असल्यासारखा असतो. ब्लाइंडेड म्हणजे काय ते पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात: आंधळ्याच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हांटेज, त्याच्यावरच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज. पहिल्यात दोन फासे टाकून लहान धरायचा, दुसऱ्यात मोठा. इथे दोघेही आंधळे, म्हणजे प्रत्येक हल्ल्याला दोन्ही लागू. आणि दोन्ही लागू असले तर एकमेकांना खाऊन टाकतात, हे सातव्या प्रकरणात. सगळं फिरून आल्यावर निकाल काय, तर नेहमीसारखा एकच फासा टाका.

चार ठिकाणं पालथी घालून ‘काही बदलत नाही’ हे उत्तर मिळाल्यावर टेबलावर जो आवाज झाला तो लिहून दाखवता येत नाही. फोन तर केव्हाच निघाले होते.

साइटवर हाच प्रवास दुव्यांवरून झटपट झाला असता हे मी नंतर करून पाहिलं. शब्दावर टिचकी, पुढचं पान, पुन्हा टिचकी. पण तिथेही शेवटची बेरीज वाचणाऱ्यानेच करायची. प्रत्येक पान स्वतःपुरतं अचूक आहे, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकाही पानावर नाही. नियम तुकड्यांत लिहिणं हे नियम रचणाऱ्याच्या सोयीचं असतं, त्यात गैर काही नाही. एकदा लिहिलेली ब्लाइंडेडची व्याख्या दहा स्पेल वापरू शकतात. टेबलावर मात्र तुकडे जोडायचं काम नेमकं त्या माणसाकडे येतं ज्याची टर्न चालू आहे आणि ज्याच्याकडे सगळे बघतायत.

वहीत नवा रकाना: ‘बेरीज कोणी केली?’

१९ जुलै

कड्यावरची मारामारी, समोर पुलावरच्या म्होरक्याचा भाऊ. बार्बेरियन: ‘मी याला धरतो, ओढत कडेला नेतो आणि खाली टाकतो.’ असल्या वाक्यांसाठीच तर हा खेळ खेळायचा. पण यात प्रश्न तीन दडलेले आहेत.

धरता येतो का, हे साइटवर लगेच मिळालं. अ‍ॅथलेटिक्सची चढाओढ (दोघांनी फासे टाकायचे, मोठा आकडा जिंकतो), समोरच्याने अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स निवडायचं. पकडलेल्याचा स्पीड शून्य, ओढत नेणाऱ्याचा निम्मा. दुसरा प्रश्न रोगने (Rogue, चोरट्या चालीचा क्लास) विचारला: ओढत नेताना शेजारून जातोय, तर आपण त्या पकडलेल्याला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावर मिळणारा जादा वार) मारू शकतो का? वेगळं पान, पण सापडलं: ज्याला दुसरा कुणी हलवतो त्याच्या हलण्याने असा हल्ला मिळत नाही. ओढणारा स्वतःच्या पायाने चालतो, त्याच्यावर मात्र शत्रूंना मिळतो. इथपर्यंत साइट पुढे.

तिसऱ्यावर गाडी अडली. ‘टाकतो’ म्हणजे नियमात काय? साइटवरच्या ग्रॅपलच्या पानावर टाकण्याबद्दल अक्षर नाही. एकजण म्हणाला सेव्ह (संकटातून वाचायला टाकायचा फासा) द्या, एकजण म्हणाला पकडलाय म्हणजे आपोआप पडेल. तेवढ्यात आमच्या रोगने हँडबुकचं पान १९५ उघडलं. ऑपॉर्च्युनिटी अटॅक, ग्रॅपल आणि त्याला लागूनच शव्ह, तिन्ही एकाच जागी. शव्ह म्हणजे तशीच चढाओढ, जिंकलात तर पाच फूट ढकला किंवा आडवा पाडा. बार्बेरियनकडे एक्स्ट्रा अटॅक होता, म्हणून पहिला हल्ला पकडायला, मध्ये चाल, दुसरा हल्ला ढकलायला. कडा तीस फुटांचा, दर दहा फुटांना एक सहाचा फासा, खाली पडला तो आडवा. सगळे खूश. म्होरक्याचा भाऊ सोडून.

हे मला अपेक्षित नव्हतं. शोधयंत्र जे विचारलं तेच देतं. पुस्तकाचं पान शेजारचंही दाखवतं, आणि ज्याला नियमाचं नावच ठाऊक नाही त्याच्या उपयोगाला शेजारच येतं. शव्ह नावाची गोष्ट आहे हे माहीत असतं तर साइटवर दोन क्षणांत सापडली असती. माहीत नव्हती म्हणूनच तर प्रश्न पडला.

मात्र याच पुस्तकाच्या इंडेक्सबद्दल चांगलं बोलवत नाही. बारीक टाइप, आणि बऱ्याच नोंदींपुढे पान क्रमांक नसून ‘अमुक नोंद पाहा’. पाहायला गेलं की मग क्रमांक. एवढी जागा वाचवून काय साधलं कोण जाणे.

२१ जुलै

सेशन नव्हतं, साइटच तपासली.

बार्डने मागे एकदा तक्रार केली होती की तिचा टाशाज हिडियस लाफ्टर साइटवर नाहीच. आहे, पण ‘हिडियस लाफ्टर’ या नावाने. लिओमंड्स टायनी हट तिथे नुसता ‘टायनी हट’, मेल्फ्स अ‍ॅसिड अ‍ॅरो नुसता ‘अ‍ॅसिड अ‍ॅरो’, आणि बिग्बीज हँड तर ‘आर्केन हँड’. कारण साधं आहे. ही साइट एसआरडीवर उभी आहे, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्टने इतरांना वापरायला मोकळा केलेला नियमांचा भाग. तो २०१६ मध्ये खुल्या परवान्याखाली आला आणि जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली. मोकळं करताना कंपनीने आपल्या जगातल्या जादूगारांची नावं काढून ठेवली.

नावं बदलली हे परवडतं. काही गोष्टी मुळातच नाहीत, त्याचं काय? प्रत्येक क्लासची एकच सबक्लास (उपप्रकार) आहे. वॉरलॉक ज्याच्याशिवाय घराबाहेर पडत नाही तो हेक्स हा स्पेल साइटवरच्या एसआरडी ५.१ मध्ये नाही. साइट त्याबद्दल काही बोलत नाही, फक्त ‘शून्य निकाल’ दाखवते. टेबलावर त्याचा अर्थ दोन प्रकारे लागतो: माझं स्पेलिंग चुकलं, किंवा असा स्पेल नाहीच. तिसरी शक्यता, की स्पेल आहे पण इथे नाही, घाईत कुणाच्या डोक्यात येत नाही. हेक्स सगळ्यांना तोंडपाठ असतो म्हणून निभावतं. कमी वापरातल्या स्पेलचं असं झालं तर डीएम बिनदिक्कत नाही म्हणून टाकेल, आणि त्याच्याकडे पुरावाही असेल.

रेफरन्स अपुरा असण्यावर माझा राग नाही. चारशेवर पानांचं एसआरडी फुकट मिळतं, त्यात तक्रार कसली. आपण कुठे संपतो हे तो सांगत नाही, तिथे मी गुण कापतोय.

२६ जुलै

आज कुरबुर नव्हे, चक्क वाद झाला. आमचा रोग शून्य हिट पॉइंटवर (कॅरेक्टरमध्ये किती जीव उरलाय तो आकडा) पडलेला. शत्रूच्या जादूगाराने त्याच्यावर मॅजिक मिसाइल सोडलं, तीन बाण, तिन्ही त्यालाच. शून्यावर असताना इजा झाली की डेथ सेव्हचं (मरणाच्या दारात टाकायच्या फाशाचं) एक अपयश धरायचं, आणि तीन अपयशं म्हणजे मरण. बाण तीन, मग अपयश एक की तीन?

पुस्तक लगेच उघडलं. साइटही लगेच उघडली. दोन्हीकडे शब्दन्‌शब्द तोच मजकूर: तिन्ही बाण एकाच वेळी लागतात. एकाने त्यातून काढलं की इजा एकदाच, म्हणून अपयश एक. दुसऱ्याने काढलं की प्रत्येक बाण स्वतःची इजा करतो, म्हणून तीन. दोघेही मजकुराला धरूनच बोलत होते. डीएमने एक अपयश धरलं आणि सेशन पुढे नेलं. माझ्या टर्नला क्लेरिकने रोगला उठवला, त्यामुळे कुणाला फार लागून राहिलं नाही.

यातून मोजणीच बदलावी लागतेय. इथवर मी ‘सापडलं’ला पूर्ण गुण देत होतो. आज सापडायला काहीच अडचण आली नाही आणि तरी महिन्यातली सगळ्यात लांब थांबणूक झाली. शोध कितीही जलद झाला तरी वाचून झाल्यावर जे सुरू होतं ते त्याने थांबत नाही. ते थांबवायला मजकुरात एखादं उदाहरण हवं, नाहीतर आधी ठरलेला निवाडा. छापील पुस्तकात प्रत्येक फटीसाठी उदाहरण असणं शक्य नाही. म्हणजे आमचे निवाडे आम्हीच लिहून ठेवायचे, आणि तेही लढाई संपल्यावर, कुणाचं कॅरेक्टर जमिनीवर पडलेलं नसताना.

दुसरं असं की सगळे प्रश्न एका भावाचे नाहीत. पडण्याच्या इजेत एक फासा कमीजास्त झाला तर उद्या कुणाला आठवणारही नाही. डेथ सेव्ह चुकला तर वर्षभर सांभाळलेलं कॅरेक्टर जातं. कन्सन्ट्रेशनही (इजा झाली तरी चालू स्पेल टिकवून धरणं) याच बाजूचं: इजेच्या निम्मे किंवा दहा, यांतलं जे मोठं त्याविरुद्ध सेव्ह, हे विसरलं तर अख्ख्या लढाईचा तोल फिरतो. असल्या नियमांपाशी रेफरन्स लडखडला तर तो बाकी कितीही गोंडस असो, माझ्या लेखी नापास.

२८ जुलै

स्क्रीनबद्दल थोडं, कारण डीएम दुखावला गेलाय. एवढ्या सेशनमध्ये स्क्रीनवरून मिटलेले प्रश्न बोटांवर मोजण्याइतके निघाले आणि त्यातले बहुतेक त्याला पाठच होते: सोप्या कामाला १० गाठायचे, मध्यमला १५, अवघडला २०, अर्ध्या आडोशाआड बचावाला दोन जास्त, पाऊण आडोशाआड पाच.

मला वाटतं यात स्क्रीनचा दोष कमी आणि वारशाचा जास्त. हा खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांत आला तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षं हल्ला लागला की नाही हे तक्त्यात पाहायचं असे: एका बाजूला लढणाऱ्याचा दर्जा, दुसऱ्या बाजूला चिलखत, जिथे रेघा मिळतील तो आकडा. प्रत्येक वाराला तक्ता. मग तो तक्ता सतत डोळ्यांपुढे उभा हवा, हे ओघानेच आलं. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने सगळं वीसचा फासा अधिक बोनस यावर आणलं, आकडा चिलखताएवढा किंवा जास्त आला की वार लागला. तक्ता पाहायची गरजच गेली. स्क्रीनवर मात्र अजून तक्तेच जास्त. आज खेळ अडतो तो आकड्यांपाशी नाही, दोन नियम एकमेकांत अडकतात तिथे, आणि ती गुंतागुंत तक्त्यात मावत नाही.

शिवाय स्क्रीनवरच्या पंधरा कंडिशन्स (ब्लाइंडेडसारख्या कॅरेक्टरच्या अवस्था) डीएमच्या बाजूला छापलेल्या. आणि पॅरलाइज्ड (लुळे), रिस्ट्रेन्ड (जखडलेले), प्रोन (आडवे) होऊन पडलेले असतात ते पलीकडे बसलेले खेळाडू. आडव्या पडलेल्याला उठायला निम्मा स्पीड लागतो हे त्यांना दिसलं तर ते विचारणारच नाहीत.

फासे लपवायला आणि नोट्स झाकायला स्क्रीन उत्तम. ती राहील. डीएमला तसं कळवलं.

२ ऑगस्ट

कार्डांवर नोंद उशिरा करतोय, कारण कार्डांबद्दल वहीत काहीच नव्हतं. मग लक्षात आलं की हेच तर महत्त्वाचं. विझार्डने स्वतःच्या स्पेलबद्दल एकही प्रश्न विचारलेला नाही. तो दुसऱ्याच्या टर्नला कार्ड चाळून ठेवतो आणि स्वतःच्या टर्नला थेट बोलतो: ‘फायरबॉल, वीस फूट त्रिज्या, डेक्सचा सेव्ह, आठ फासे.’ नोंद होते ती थांबल्याची, न थांबल्याची कुठे होणार?

म्हणजे रेफरन्समध्ये काय आहे याइतकंच तो कुणाच्या हातात आहे आणि कधी उघडला जातो यालाही वजन आहे. दुसऱ्याच्या टर्नला वाचलेला नियम टेबलाला फुकट पडतो. स्वतःच्या टर्नला वाचलेल्याची किंमत सगळे मिळून भरतात. बार्ड आणि ड्रुइडलाही कार्डं करायला सांगितलं. ड्रुइड कुरकुरला, त्याला रोज स्पेल बदलता येतात, त्यामुळे त्याचा गठ्ठा कायमच जाड राहणार. खरं आहे, तरी कर म्हटलं.

१० ऑगस्ट

टेबलाबाहेरची चाचणी. इतक्या दिवसांतले प्रश्न, जसे विचारले गेले तसे, चिठ्ठ्यांवर लिहिले. एक चिठ्ठी उचलायची, समोरच्या चारांतलं हवं ते घ्यायचं आणि उत्तर शोधायचं. आधी डीएमला बसवलं आणि लगेच उठवलं. तो पुस्तक असं उघडतो की बोट थेट ओळीवर. ज्याला नियम येतो त्याला कुठलाही रेफरन्स चांगला वाटतो. त्याच्या हातून रेफरन्सची परीक्षा होत नाही.

मग नुकत्याच आलेल्या पॅलाडिनला बसवलं. तिची पहिली चिठ्ठी: ‘पाण्याखाली आहे, तलवार चालते का?’ साइटवर तिने पाणी शोधलं आणि पाण्याशी संबंधित स्पेलची रांग समोर आली. नंतर पोहणं शोधलं, तर हालचालीचं पान. हवा असलेला भाग लढाईच्या प्रकरणाच्या अगदी शेवटी आहे. पुस्तकात तिला तो अनुक्रमणिकेतून मिळाला, उशिरा, पण मिळाला. दुसरी चिठ्ठी: ‘श्वास किती वेळ धरता येतो?’ हा नियम पाण्याखालच्या लढाईपाशी नाही, गुदमरण्यापाशी आहे, वेगळ्या प्रकरणात.

तिच्या चुकलेल्या वाटा मी सगळ्यात काळजीपूर्वक लिहून घेतल्या. माणूस आपण कुठे आहोत आणि काय करू बघतोय यावरून शोधतो: पाण्यात आहे, अंधारात आहे, पडलोय, पकडलाय, मरतोय. नियम लावलेले असतात ते कुठल्या यंत्रणेत बसतात त्या हिशोबाने: दृष्टी, हालचाल, हल्ला, पर्यावरण. दोन्ही रचना आपापल्या जागी शहाण्याच. पण डाव चालू असताना उपयोग किती, हे पाहायचं तर पहिल्या रचनेतून दुसरीत यायला किती पायऱ्या लागतात तेवढंच मोजावं, असं माझं आता मत झालंय. पानं किती आणि नियम किती झाकले, ते विकत घेताना बघायचं.

११ ऑगस्ट

कालच्यावर दुसऱ्या खेळांचा उतारा. पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती खेळणाऱ्या एका गटात पाहुणा म्हणून बसलो. त्यांची आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस ही साइट प्रकाशकाच्या संमतीने जवळजवळ सगळे नियम देते, त्यामुळे ‘नाही’ म्हणजे खरंच नाही, हा दिलासा मोठा. नियमही काटेकोर, प्रत्येक कृतीवर ट्रेटची (गुणधर्मांची) लेबलं. पण प्रत्येक लेबलाचा अर्थ वेगळ्या पानावर, त्यामुळे साइट डावाचा भागच होऊन बसते. त्या मंडळींना त्याचं काही वाटत नाही; टॅब्लेट टेबलावर कायम उघडा असतो. २०२३ च्या सुधारित पुस्तकांत ‘फ्लॅट-फुटेड’ (बेसावध) या अवस्थेचं ‘ऑफ-गार्ड’ झालं, तरी जुने खेळाडू जुनंच नाव घेतात आणि नव्यांना ते पुस्तकात सापडत नाही.

याउलट दोन सहाच्या फाशांवर चालणारे मूव्हजचे खेळ: दहा किंवा वर पूर्ण यश, सात ते नऊ किंमत मोजून यश, सहा किंवा खाली गेलं तर जीएमचा (तिथल्या डीएमचा) हात. मूव्हज कॅरेक्टरच्या कागदावरच छापलेल्या आणि ‘तुम्ही अमुक करता तेव्हा’ अशाच सुरू होणाऱ्या. म्हणजे प्रसंगावरून नियमाकडे येणारी वाट आधीच बांधलेली. तिथे वेगळ्या रेफरन्सला तपासायला काही उरत नाही. आपला खेळ तसा नाही आणि तसा व्हावा अशी इच्छाही नाही. कडा, बार्बेरियन आणि तीन प्रश्न हा आनंद तिकडे मिळत नाही.

१६ ऑगस्ट

प्रसंगवार पानं केली. एका प्रसंगाला एक पान, वर मोठ्या अक्षरांत ‘दिसत नाही’, ‘पाण्यात’, ‘पकडापकडी आणि ढकलाढकली’, ‘शून्यावर’. पाण्याच्या पानावर: पोहण्याचा स्पीड नसेल तर हातघाईच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हांटेज, खंजीर, भाला, जॅव्हलिन, शॉर्टस्वोर्ड, त्रिशूळ यांना सूट. धनुष्याला डिसअ‍ॅडव्हांटेज, क्रॉसबोला नाही, नेहमीच्या पल्ल्याबाहेर काहीच लागत नाही. पूर्ण बुडालेल्याला आगीची इजा निम्मी. श्वास: एक अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर इतकी मिनिटं, कमीत कमी तीस सेकंद. खाली हँडबुकचं प्रकरण, म्हणजे शंका आली तर मूळ पाहता येईल.

‘दिसत नाही’च्या पानावर पहिलीच ओळ: दोघांनाही दिसत नसेल तर सरळ एक फासा. बेरीज करून ठेवलेली.

‘शून्यावर’च्या पानावर आमचे निवाडे वेगळ्या चौकटीत, त्यावर ‘हे पुस्तकात नाही, आपण ठरवलंय’ असं स्पष्ट. मॅजिक मिसाइल तिथे एका अपयशाने नोंदलं गेलं, आणि ज्याने तीनची बाजू लढवली होती त्यानेच ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

आजच्या सेशनमध्ये पानं टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या हाताला येतील अशी. बुडालेल्या देवळात पॅलाडिनने तिच्या टर्नआधीच पान ओढून घेतलं आणि तलवार म्यान करून भाला काढला. प्रश्न आलाच नाही.

एक त्रास मात्र दिसला. पान समोर असलं की काहीजण त्यावर लिहिलंय तेवढंच करू बघतात. बार्डने झुंबर तोडायचा विचार केला आणि झुंबराचं पान नाही म्हणून मागे घेतला. डीएमने तिला पुन्हा विचारायला लावलं. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘इथे नसलेलं करायचं असेल तर सांगा, डीएम फासा ठरवेल’ अशी ओळ घालतोय.

२३ ऑगस्ट

आवृत्त्यांची सरमिसळ आता रोजची डोकेदुखी. २०२४ चं हँडबुक आलं, त्यावरचं एसआरडी ५.२ गेल्या एप्रिलमध्ये आलं, आणि फोनवर शोधलं की दोन्हीपैकी कुठलंही समोर येतं. आज पोशन पिणं बोनस अ‍ॅक्शन की अ‍ॅक्शन (छोटी जादा कृती की टर्नची मुख्य कृती) यावर दोघे भांडले आणि दोघांच्याही फोनवर पुरावा होता. २०१४ मध्ये अ‍ॅक्शन, २०२४ मध्ये बोनस अ‍ॅक्शन. ग्रॅपल तिकडे चढाओढीऐवजी सेव्ह झालंय. एग्झॉशनच्या (थकव्याच्या) जुन्या सहा पायऱ्यांवर दर पायरीला वेगळी शिक्षा होती, आता प्रत्येक पायरीला वीसच्या फाशातून दोन वजा आणि पाच फूट स्पीड कमी. अचानक हल्ला झाल्यावर टर्न जात नाही, इनिशिएटिव्हला (टर्नांचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतो.

ज्या पानावर आवृत्ती दिसेल अशी लिहिलेली नाही ते पान बरोबर असलं तरी टेबलावर आणू नये, असा नियम केला. आमच्या पानांच्या कोपऱ्यात ‘२०१४’ ठळक छापलं. साइट बदलून फक्त ५.१ दाखवणारी घेतली.

नव्या हँडबुकचं एक मात्र मान्य करायला हवं: मागे वर्णानुक्रमे नियमांचा कोश दिलाय, कंडिशन्स आणि कृती त्यातच. फायटर खेळणाऱ्याकडे ते पुस्तक आहे. त्यात धुक्याची चिठ्ठी चालवून पाहिली. उड्या आहेतच, पण सगळ्या कोशातल्या कोशात, प्रकरणं ओलांडून नाहीत. बेरीज अजूनही आपल्यालाच करावी लागते.

३० ऑगस्ट

ठरलं ते असं. टेबलावर: प्रसंगवार पानं मधोमध, प्रत्येक स्पेलवाल्याकडे स्वतःची कार्डं, एक हँडबुक डीएमच्या डाव्या हाताला, स्क्रीन होती तिथेच. फोनवरची साइट फक्त स्वतःची टर्न नसताना, आणि तिच्यावर एखादी गोष्ट ‘नाही’ दिसली तर तो पुरावा धरायचा नाही. पुस्तक उघडायचं ते कुणाचं कॅरेक्टर मरतंय किंवा मोठा स्पेल तुटतोय तेव्हाच. बाकी वेळी डीएम जे म्हणेल ते चालू, तपासणी सेशननंतर.

डीएमच्या उत्तरांची पडताळणीही आज पुरी झाली. छोट्या नियमांत तो अधूनमधून पुस्तकाहून वेगळं बोललाय, आणि तेव्हा कुणाला पत्ताही लागलेला नाही. त्या जागांची यादी त्याला दिली. त्यातल्या दोन त्याने मुद्दाम तशाच ठेवल्या, त्या निवाड्यांच्या चौकटीत गेल्या.

पुढचं काम: घोड्यावरच्या लढाईचं पान. पॅलाडिनला पाचव्या लेव्हलला फाइंड स्टीड (घोडा बोलावायचा स्पेल) मिळतोय आणि स्वार व घोडा यांची इनिशिएटिव्ह एक की वेगळी, यावर आत्तापासूनच दोन पक्ष पडलेत. ड्रुइडची कार्डं अजून आलेली नाहीत.